पुलाच्या प्रसंगातले डोळे

नव्या ‘अजस्र’पेक्षा जुना ‘अजस्र’ कितीतरी सरस होता, असं जाहीर मत दिल्याबद्दल आभार मानायला जुन्या सिनेमातला अजस्र स्वतः जयसिंगपूरला श्रीपाल मगदूमच्या घरी आला, तेव्हा श्रीपाल दाढी करत होता.

“अहो,” त्रिशला बाहेरच्या खोलीतून म्हणाली, “तुमच्याकडे कुणीतरी आलंय. मोठे आहेत.”

श्रीपाल एका गालाला साबण तसाच ठेवून फाटकाशी आला. अजस्र गल्लीत पोटावर पडला होता. जातीनं तो घोरपड, आणि उभा राहिला असता तर नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीला टेकला असता. पण जयसिंगपूरच्या गल्ल्या पट्टीनं आखल्यासारख्या सरळ, त्यामुळे त्याची आडवं पडायची चांगली सोय झाली होती. डोकं मगदूमांच्या फाटकाशी आणि शेपूट पार पलीकडच्या चौकात. शेपटीवरून कुणी गाडी घालू नये म्हणून टोकाला लोकांनी लाल फडकं बांधलं होतं.

“मगदूमसाहेब का?” त्यानं आवाज जमेल तेवढा खाली ठेवला होता, तरी खिडक्यांची तावदानं थरथरली. “मी अजस्र. तुमचं मत वाचलं आणि राहवलं नाही. चालत आलो.”

कोकणातल्या आपल्या खाडीतून निघून तो आंबा घाट चढून आला होता. सबंध वाट रस्त्याच्या डाव्या कडेनं, मागच्या गाड्यांना पुढे जाऊ देत.

श्रीपालचं चष्म्याचं दुकान होतं आणि सिनेमाचा नाद होता. गावातल्या सिनेरसिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो रोज असायचा. नवा ‘अजस्र’ आला तेव्हा त्यानं तो सांगलीला जाऊन दोनदा पाहिला आणि दुसऱ्या वेळी टॉवर कोसळताना खुर्चीवर उभा राहिला होता. पण घरी येऊन बघतो तर ग्रुपवर सगळेच कौतुक करत होते. त्यात आपलं कौतुक कोण वाचणार? म्हणून त्यानं लिहिलं, “हा अजस्र म्हणजे कॉम्प्युटरची करामत. पुलाच्या प्रसंगात जुन्या अजस्रच्या डोळ्यांत जी वेदना होती, ती याच्या डोळ्यांत कुठे आहे?”

जुना सिनेमा श्रीपाल शाळेत जायच्या आधी येऊन गेला होता आणि त्याची एकही प्रत आता कुठे शिल्लक नव्हती. म्हणजे तपासायला कुणी जाणार नव्हतं. पूल असेलच असा त्याचा अंदाज होता; अशा सिनेमांत असतो. मत खूप फिरलं. एका वर्तमानपत्रानं ते त्याच्या फोटोसकट छापलं. दुकानात चष्मा न्यायला आलेली माणसं थांबून त्याला इतर सिनेमांबद्दल विचारू लागली आणि तोही सांगू लागला.

“पुलाचा प्रसंग तुम्हाला आठवतो,” अजस्र म्हणाला.

“आठवतो म्हणजे काय,” श्रीपाल म्हणाला. “तुमचे ते डोळे विसरणं शक्य आहे का?”

“त्या प्रसंगात मी पाठमोरा होतो.”

श्रीपालच्या गालावरचा साबण वाळायला लागला.

“कॅमेरा माझ्या मागे होता, नदीच्या अलीकडच्या काठावर. पाठ बघून लोकांना डोळे कळले पाहिजेत, असं दिग्दर्शकांचं म्हणणं होतं. कुणाला कळले नाहीत. सगळ्यांनी शेपटीचंच लिहिलं.” अजस्रनं श्वास सोडला आणि समोरच्या घराची दोरीवरची धुणी उडाली. “तुम्हाला कळले. असा एक तरी प्रेक्षक असेल असं मला नेहमी वाटायचं.”

धरणीनं पोटात घ्यावं, असं श्रीपालला वाटलं. अजस्रच्या वजनानं ती फाटकापाशी थोडी खचली होतीच, पण तेवढ्यावरच थांबली.

“या,” तो म्हणाला. “म्हणजे, थांबा इथेच. चहा घ्याल?”

दुपारपर्यंत सांगली, इचलकरंजीहून जुन्या ‘अजस्र’चे चाहते येऊन पोचले. त्यांच्यापैकीही कुणी तो पाहिलेला नव्हता, पण सगळ्यांचं मत श्रीपालसारखंच होतं. त्यांनी आणलेला हार अजस्रच्या एका नखाला घातला आणि उरलेला श्रीपालच्या गळ्यात. भाषणं झाली. नव्या पिढीला वेदना कळत नाही, असं एक जण म्हणाला. अजस्र मान हलवत होता, म्हणून विजेच्या तारांकडे लक्ष ठेवायला एक माणूस गच्चीवर उभा केला होता.

शेजारचे आदगोंडाआण्णा पाटील, रिटायर तलाठी, काठी टेकत आले आणि पाहुण्याला सगळीकडून न्याहाळून म्हणाले, “श्रीपाल, पावणं किती दिस हाईत? ट्रॅक्टर काढायचा हाय मला.”

“विचारतो, आण्णा.”

“विच्यार. आन् त्यो हार काढ. घाम आलाय तुला.”

मगदूमांचं घर जैनांचं, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवण. खाडीत मासे हेच आपलं अन्न असलं तरी या दारात मासे मागणार नाही, असं अजस्रनं आपण होऊन सांगितलं. त्रिशलानं घमेल्यात आमटी आणि परातीत भाकऱ्यांची चळत ठेवली. तो अगदी हळू जेवला. मग म्हणाला, “वहिनी, तुमच्या यजमानांनी मला एका मोठ्या चुकीतून वाचवलं बघा.”

“ते कसं?”

“नव्या सिनेमाचा दुसरा भाग निघतोय. त्यात त्यांनी मला काम देऊ केलं होतं. नव्या अजस्रचा आजोबा. प्रसंग दोनच, पण बोलायचं होतं. आजवर मी नुसता ओरडलोय. बोलायला पहिल्यांदाच मिळणार होतं.” त्यानं परात जिभेनं पुसून घेतली. “मी पाठांतरही सुरू केलं होतं. तेवढ्यात मगदूमसाहेबांचं मत वाचलं आणि नाही म्हणून कळवून टाकलं. ज्याच्या डोळ्यांत वेदना नाही, त्याचा आजोबा मी कसा होऊ?”

“पण तुम्ही स्वतः पाहिला नाहीत नवा?”

“थेटरात मी मावत नाही, वहिनी. आम्हाला दुसऱ्यांच्या मतांवरच विसंबावं लागतं.”

रिकामं घमेलं उचलून आत जाताना त्रिशलानं श्रीपालकडे पाहिलं. आत गेल्यावर म्हणाली, “सांगा त्यांना.”

“आत्ताच जेवलेत ते.”

“मग सकाळी सांगा. पण तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन आणि ते जास्त वाईट दिसेल.”

सकाळी श्रीपाल अंघोळ करून, चांगला शर्ट घालून फाटकाशी गेला. आदगोंडाआण्णा तिथंच खुर्ची टाकून पाहुण्याशी पावसापाण्याचं बोलत बसले होते. त्यांच्यादेखत सांगायचं जिवावर आलं, पण ते उठायची चिन्हं नव्हती.

“मला एक सांगायचंय,” श्रीपाल म्हणाला. “मी जुना सिनेमा पाहिलेला नाही.”

घोरपडीची खालची पापणी वर येते. अजस्रची तशी आली आणि पुन्हा उतरली.

“कुठून पाहिला नाहीत? मध्यंतरानंतर?”

“सुरुवातीपासून.”

“आरं,” आण्णा म्हणाले, “मग पेपरात कसं काय आलं?”

श्रीपाल फाटकाची कडी लावत आणि काढत राहिला. चौकातलं लाल फडकं एकदा हललं आणि थांबलं.

“मग पाहून घ्या,” अजस्र म्हणाला. “मत तुम्ही दिलंच आहे, आता सिनेमा पाहा. जवळपास मोकळं रान आहे का?”

आण्णांचा ऊस नुकताच तुटून गेला होता. त्यांनी रान देऊ केलं.

अजस्रनं सबंध सिनेमा एकट्यानं करून दाखवला. कालचे चाहते पुन्हा येऊन बांधावर ओळीनं बसले आणि मधोमध श्रीपाल. अजस्र ओढ्यातून वर आला, गाव जिथं असायला हवं तिथं त्यानं पाय आपटले, नसलेल्या तोफांचे गोळे छातीवर घेतले. ओरडला तेव्हा पलीकडच्या शिवारातले बगळे उठले. पण अधूनमधून तो नुसताच उभा राहायचा. एकदा तर इतका वेळ उभा राहिला, की लोक शेंगा खायला लागले. मग पुलाचा प्रसंग आला. अजस्रनं त्यांच्याकडे पाठ केली आणि नदी असावी तिकडे बघत राहिला. श्रीपालनं डोळे ताणून त्या पाठीकडे पाहिलं. खवले दिसले. उन्हानं ते चमकत होते. दुसरं काही दिसलं नाही. काहीतरी दिसावं म्हणून त्यानं मनापासून प्रयत्न केला.

शेवटी अजस्र पडला, मेला, आणि थोड्या वेळानं उठून बांधापाशी आला. त्याला धाप लागली होती.

“बोला, मगदूमसाहेब.”

चाहते श्रीपालकडे बघू लागले. नेहमीचं उत्तर त्याच्या तोंडाशी आलं होतं, पण बाहेर पडेना.

“मधला भाग लांबलाय,” तो खाली बघत म्हणाला. “तुम्ही फार वेळ नुसते उभे होतात.”

“तिथं नायिकेचं गाणं होतं. तिची वाट बघत होतो.” अजस्र थांबला. “आणि नव्याच्या तुलनेत?”

“नवा मला जास्त आवडला. दोनदा पाहिला मी.”

“त्याचे डोळे?”

“चांगले आहेत. रडू येतं.”

बांधावर कुजबूज झाली. आपल्याला या माणसाची आधीपासूनच शंका होती, असं इचलकरंजीचा एक जण म्हणाला. अजस्रनं पायाची माती झटकली. “असं आहे तर,” एवढंच तो म्हणाला.

श्रीपालनं तिथूनच निर्मात्यांच्या कचेरीत फोन लावला आणि अजस्र आजोबांचं काम करायला तयार आहेत, नकार गैरसमजातून गेला होता, असं सांगितलं. पलीकडची बाई अदबीनं बोलली. आजोबा आता कॉम्प्युटरवर तयार झाले होते आणि सगळे फार समाधानी होते. “आपण कोण बोलताय?” तिनं विचारलं.

“प्रेक्षक,” श्रीपाल म्हणाला.

निरोप वेगळा सांगायची गरज पडली नाही. अजस्रचे कान बारीक असले तरी तिखट होते. त्याच दुपारी तो निघाला. आण्णांना रामराम केला. त्रिशलाला म्हणाला, “येतो, वहिनी. आमटी चांगली होती.” श्रीपालला काहीच म्हणाला नाही. तो रागावला होता की गल्लीत मान वळवायला जागा नव्हती, हे श्रीपालला कळलं नाही, आणि विचारायचं धैर्य झालं नाही.

त्यानं ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. आपण जुना ‘अजस्र’ पाहिला नव्हता. आता पाहिला, आणि नवाच जास्त चांगला आहे. लोकांना तो विनय वाटला. खरे जाणकार असेच असतात, असं कुणीतरी लिहिलं आणि त्याला पुष्कळ अंगठे आले. त्यानं फोन पालथा घालून ठेवला. दुकानात कुणी सिनेमाचं विचारलं, की तो त्यांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावू लागला.

दिवाळीत दुसरा भाग आला. श्रीपालनं तो एकट्यानं जाऊन पाहिला आणि मध्यंतरातही जागेवरून उठला नाही. दुसऱ्या दिवशी त्रिशलानं बांधून दिलेल्या दशम्या घेऊन तो एसटीनं कोकणात उतरला. खाडीपाशी जाळं विणत बसलेल्या माणसाला त्यानं अजस्रबद्दल विचारलं. “पलीकडच्या खडकापाशी हाक मारा,” तो म्हणाला. “ओहोटीला ते वर असतात.”

श्रीपालनं हाक मारली. आधी नाकपुड्या आल्या, मग डोळे.

“तुम्ही?”

“दुसरा भाग पाहिला,” श्रीपाल म्हणाला. “सुरुवातीपासून शेवटपर्यंत.”

“आजोबा?”

आजोबा अगदीच बेतास बात आहे, तुमची सर नाही, असं म्हणायचं श्रीपालनं घाटात एकदा ठरवलं होतं. घाट उतरल्यावर ते रद्द केलं होतं.

“चांगला होता,” तो म्हणाला. “फार चांगला होता.”

अजस्र हळूहळू पाण्यात गेला. काठाला बांधलेल्या होड्या वर आल्या आणि खाली बसल्या. श्रीपाल पिशवी छातीशी धरून उभा राहिला. निघून जावं असं त्याला फार वाटत होतं, पण तो गेला नाही. बऱ्याच वेळानं डोकं पुन्हा वर आलं.

“बोलतो तो?”

“बोलतो.”

“हं.” अजस्रनं हनुवटी खडकावर टेकवली. “बसा. दगड ओला आहे, खाली काहीतरी टाका. आता पहिल्यापासून सांगा. दिसलं तेवढंच सांगा.”

श्रीपालनं रुमाल अंथरला, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि बसला.

“आधी नुसतं पाणी दिसतं,” तो म्हणाला. “सकाळची वेळ असते.”

“कुठल्या बाजूनं ऊन?”

श्रीपालनं डोळे मिटून आठवलं. “डावीकडून,” तो म्हणाला, आणि पुढे सांगू लागला.