प्रस्तुत संशोधिका

"अभिजीतच्या घरी दुसरी बाई येऊन राहिलीय, आणि ती आता पहिलीला…" एवढंच मी जिन्यात कदमबाईंच्या तोंडून ऐकलं, पुढचं पाण्याच्या मोटारीच्या आवाजात गेलं. दुसरी बाई म्हणजे संशोधिका. ती प्रबंधातून निघून खरोखरच राहायला आली होती.

वरच्या मजल्यावरची तेजस्विनी, म्हणजे अभिजीतची बायको, शाळेत शिकवता शिकवता एम.एड. करत होती. त्यात शेवटी एक प्रबंध लिहावा लागतो. तिने विषय घेतला चौथीतल्या मुलांचं प्रकट वाचन, म्हणजे वर्गात उभं राहून मोठ्याने वाचणं. पहिलं प्रकरण दाखवायला गेली, तर तिच्या मार्गदर्शकांनी, कुंभारसरांनी, सगळे 'मी' लाल पेनने खोडले. म्हणाले, "प्रबंधात मी नसतो. संशोधिकेने निरीक्षण केले, संशोधिकेस आढळले, असं लिहा." तिने दोन प्रकरणं तशी लिहिली. तिसरं सुरू केलं त्या दिवशी संशोधिका बॅग घेऊन दारात उभी राहिली.

मी तेव्हा तिथेच होते, कढीपत्ता मागायला गेले होते. कढीपत्ता माझ्याकडे होता, पण ते असू दे.

दिसायला ती तेजस्विनीच, फक्त इस्त्री केलेली.

"आपण कोण?" सासूबाईंनी, वत्सलावहिनींनी, विचारलं.

"प्रस्तुत संशोधिका."

"जेवून आलात का?"

"भोजन झालेले नाही."

वहिनींनी पान वाढलं. अभिजीतने माळ्यावरची गादी काढली.

संशोधिकेचा तसा कुणाला त्रास नव्हता. दूध उतू गेलं की ती शांतपणे सांगायची, "दूध उतू गेल्याचे आढळून आले." गॅस कुणी चालू ठेवला होता म्हणून विचारलं की म्हणायची, "सदर बाब अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे." वहिनी खूश होत्या. "उलट उत्तर म्हणून नाही हो. जे बोलते ते पुराव्यानिशी." अभिजीतला मी आडून आडून विचारलं की बाबा, दोघींतली आपली कोणती ते कळतं का तुला. तो म्हणाला, "कळतं की, काकू. आपली चिडते."

पण पुढे पुढे तेजस्विनी चिडेनाशीही झाली. आधी तिचं टेबल संशोधिकेकडे गेलं, मग खुर्ची. ती माझ्याकडे येऊन बसायची, पण बसवायचं नाही तिला. उठून खिडकीशी जायची, पडदा सारायची, परत ओढायची.

"चहा घेशील?"

"चहा चालेल."

"अगं, पण कुणाला?"

ती 'म' म्हणायला ओठ मिटायची आणि तशीच राहायची. एकदा मात्र पदराशी चाळा करत म्हणाली, "काकू, तोंडी परीक्षेला एकीलाच आत सोडतात. ती गेली तर पदवी तिची. पदवीवर मिळणारी पाटणच्या अध्यापक विद्यालयातली जागासुद्धा तिची. मग तेजस्विनीने कुठे जायचं?"

कदमबाईंनी जिन्यातलं वाक्य एव्हाना पुरं केलं होतं: दुसरी आता पहिलीला घालवणार. मला रात्ररात्र झोप लागेना.

परीक्षेला मी बरोबर गेले. सोबत हवी म्हणून, आणि घरी राहवलं नसतं म्हणून. दारावरच्या शिपायाने दोघींकडे पाहिलं आणि विचारलं, "प्रबंधात नाव कुणाचं येतं?"

"पानोपानी संशोधिकेचे," संशोधिका म्हणाली. त्याने तिला आत सोडलं. तेजस्विनी माझ्याशेजारी बाकावर बसली, उठली, परत बसली.

दार अर्धवट लोटलेलं होतं. मी बाकाच्या त्या टोकाला सरकले. संशोधिकेचं सगळं सुरळीत चाललं होतं. उद्दिष्टं झाली, नमुना निवड झाली, निष्कर्ष झाले. मग बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा काढला.

"हाच विषय का घ्यावासा वाटला?"

"संशोधनाची गरज व महत्त्व पहिल्या प्रकरणात विशद केले आहे."

"ते वाचलं. तुम्हाला का वाटलं?"

मग संशोधिका बाहेर आली, तेजस्विनीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "याबाबत माहिती उपलब्ध नाही." आणि बाकावर बसली.

तेजस्विनी आत गेली. ओठ मिटले. कुंभारसर खाली पाहत होते.

"मी," ती म्हणाली. मग पुन्हा, "मी पुढची बाकं मोजायची. वर्गात एकेकाने उभं राहून वाचायचं असायचं ना, तर माझा नंबर येईपर्यंत कुठला परिच्छेद येईल तो हिशोब करायची आणि तेवढाच मनात घोकायची. एकदा पुढची मुलगी पाणी प्यायला गेली आणि माझ्या वाट्याला दुसराच परिच्छेद आला. वर्ग हसला. आता माझ्या वर्गात एक मुलगा आहे, तो बोटाने बाकं मोजतो. मला ते बघवत नाही."

"हे प्रबंधात कुठे आहे?"

"तिथे मी नसते, मॅडम."

बाईंनी कुंभारसरांकडे पाहिलं. सरांनी पेन खिशात ठेवलं.

ती पास झाली. पाटणची जागाही मिळाली. सामान बांधलं तेव्हा जिन्यात बरीच मंडळी काही ना काही कामं काढून उभी होती. बॅग घेऊन तेजस्विनीच खाली आली. तेव्हा पहिली गेली हे कदमबाईंचं खरं. पण घालवलं कुणी नव्हतं, आणि दुसरी अजून वरच आहे, पुढे पीएच.डी. करायची म्हटलं तर लागेल, म्हणून ठेवून घेतलीय. वहिनींना सोबतही होते.

माझ्या दारापाशी तेजस्विनी थांबली. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता.

"काकू," ती म्हणाली, "मी येते."