हळदीचा सीझन आणि शेठचा डोळा

पनवेल परिसरात माणसाची सामाजिक बांधिलकी त्याच्या हळदीतल्या हजेरीवरून ठरते, याची संबंधितांनी नोंद घ्यावी. गटार तुंबलं तर आम्ही नाक दाबून जातो, नळाला पाणी नाही आलं तर टँकर मागवतो. पण पोराच्या हळदीला भगवानशेठ आले नाहीत, तर मत गेलंच म्हणून समजा.

त्यामुळे भावी नगरसेवक भगवानशेठ लग्नसराईत पहाटेपर्यंत गावोगाव हिंडत. डीजेसमोर हात वर करायचे, मटणाच्या पंगतीला बसायचं, वर आग्रहाची जिलेबी, की निघाले पुढच्या मांडवात. झोप म्हणजे गाडीत लागेल ती डुलकी. मधुमेह जुनाच होता. तो काय, पळून थोडाच जातोय!

मग डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगू लागले. डोळ्यांच्या डॉक्टर अनुयाबाईंनी तपासून सरळ झापलंच. "मधुमेहानं डोळ्याचा पडदा खराब होतोय. त्यात तुम्ही रात्र रात्र जागता, मग साखर ताब्यात राहणार कशी? नीट झोपा आणि परवा लेझरला या. टाळलंत तर नजर जाईल."

"सीझन संपला की झोपतो ना, बाई."

"डोळा सीझनसाठी थांबत नाही."

घरी बायकोनं, वेणूवहिनींनी, फोन काढून घेतला. शेठही घाबरले होते. गुपचूप आडवे झाले.

ही बाब जनहितास बाधक होती. आम्ही तातडीनं शिष्टमंडळ नेलं.

"वहिनी, शेठ नाय आले तर समोरची पार्टी येल," आमच्यातला जगन म्हणाला. "मंग आमाला बोलू नका."

"अरे मेल्यांनो, त्यांचा डोळा चाललाय!"

"एकच हळद, वहिनी. तोंड दाखवून लगेच परत."

तेवढ्यात शेठ शर्टाची बटणं लावत बाहेर आलेच.

एकच हळद कधी असते का? लेझरच्या वेळेला शेठ गाडीत घोरत होते. भरपाई म्हणून त्यांनी 'मधुमेहींनो, वेळेवर झोपा' असा बॅनर नाक्यावर लावला. त्याच्या उद्घाटनाला रात्रभर डीजे होता.

डावा डोळा गेला. उजव्याला अंधुक दिसायचं. तरीही शेठ पुतण्याचा खांदा धरून मांडवात आले आणि नवरदेव समजून नवरदेवाच्या बापालाच हळद फासली. टाळ्यांचा नुसता कडकडाट! "एवढं होऊनपण आले! माणूस हाय तर असा!" वेणूवहिनी मात्र आल्या नाहीत. बाई जरा माणूसघाणीच आहे, यावर आमचं एकमत झालं.

तुमच्याकडे कधी आहे हळद? तारीख लवकर कळवा. शेठचा उजवा डोळा अजून थोडा चालतोय.