जवळचं न दिसणारा हात

त्या दिवशी साल्तो शहरात सकाळपासून भुरभुर लागली होती. इकडे जुलै म्हणजे हिवाळा, त्यामुळे पाऊसही थंडीतला, ना धड पडत, ना धड थांबत. नदीकडून बोचरा वारा येत होता, आभाळ राखेच्या रंगाचं झालं होतं आणि दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नव्हते. असा पाऊस लागला की साल्तोत घरोघरी चरबीची कढई चुलीवर चढते आणि तोर्ता तळल्या जातात. कणकेच्या, बोटभर जाड, मधोमध भोक, वरून साखर. पावसात एखाद्या घरातून तळणीचा वास आला नाही, तर शेजारी चौकशीला येतात, कुणी आजारी आहे का म्हणून.

विल्मरच्या घरीही कढई चढली होती. पण त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणखी एक पाहुणा होता. यंत्राचा हात.

हा हात विल्मरच्या मुलीनं, यानेतनं, बनवला होता. संत्री तोडण्यासाठी. तो संत्रं लांबून बरोबर ओळखायचा, सरळ त्याच्याकडे जायचा आणि वीतभर अंतर उरलं की आंधळा व्हायचा. त्याच्या दोन मोठ्या कॅमेऱ्यांना जवळचं दिसतच नसे. मग शेवटची वीत तो अंदाजानं जायचा आणि झाडावरच संत्र्याचा रस काढून मोकळा व्हायचा.

"माझ्यासारखंच आहे हे," विल्मर म्हणायचा. (जन्मभर त्यानं बस चालवली होती.) "लांबचा थांबा दिसतो, हातातलं तिकीट दिसत नाही. चष्मा लाव त्याला."

"चष्मा नाही बाबा, दुसरे डोळे लावलेत." यानेतनं हाताच्या मनगटावर दोन बारीक कॅमेरे अगदी शेजारी शेजारी बसवले होते. "मोठे डोळे एकमेकांपासून लांब आहेत, म्हणून जवळचं त्यांना जुळवता येत नाही. हे दोघे चिकटून आहेत, यांना बोटावरचंही दिसतं. आणि हा दिवा संत्र्यावर उजेडाचे ठिपके टाकतो, म्हणजे गुळगुळीत सालीवरही नजर ठरते. मग हलकेच धरायचं, अर्धा पिळा द्यायचा आणि ओढायचं."

सकाळपासून हातानं एकही संत्रं चिरडलं नव्हतं. चार वाजता बागायतदार संघाचे अध्यक्ष हेबेर बघायला येणार होते. ते हो म्हणाले तर यानेतला संघाच्या बागेत काम मिळणार होतं. नाही म्हणाले तर ती पुढच्या महिन्यात चिलीला नोकरीवर जाणार होती. तिनं जायचं काढल्यापासून विल्मरच्या हातचा माते, म्हणजे कडवट पाल्याचा चहा, इतका पाणचट व्हायला लागला होता की बायको एल्बिया आपला वेगळा करून घ्यायची.

"मी केस विंचरून येते," यानेत म्हणाली. "तू कशाला हात लावू नकोस."

"मी कशाला लावतोय?"

आणि खरंच, त्याचा तसा काही विचार नव्हता. मातेच्या गरम पाण्याचा थर्मास बगलेत धरून तो तोर्ता खात बसला होता. पण कढईच्या वाफेनं मनगटावरच्या कॅमेऱ्यांपुढची ती इवलीशी काच धुरकट झालेली त्याला दिसली. आता, काच पुसल्याशिवाय बस सोडायची नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. शिवाय काच म्हणजे काही यंत्र नव्हे. (असं त्याचं मत.) त्यानं अंगठ्यानं ती छान पुसली. त्याच अंगठ्यानं, ज्यानं तोर्ता धरली होती.

हेबेर आले, ओली टोपी काढून बसले. बादलीत संत्र्याची फांदी रोवली होती. हात ऐटीत निघाला, संत्र्याजवळ पोचला आणि तिथे घुटमळला, पिऊन आलेला माणूस कुलपाचं भोक शोधतो तसा. मग त्यानं मूठ वळली. रस थेट हेबेरच्या लोकरी स्वेटरवर.

"जवळचं दिसतं म्हणालीस ना गं?"

"सकाळी दिसत होतं, हेबेरकाका." यानेतचा चेहरा उतरला.

तो चेहरा बघून विल्मरला राहवेना. काच नीट पुसली गेली नसणार, एवढंच त्याला सुचलं. यानेत संगणकाकडे वळलेली बघून त्यानं जवळचं फडकं उचललं आणि या खेपेला जोर लावून पुसली. पुढचं संत्रं छतापर्यंत गेलं.

हेबेर उठलेच. पण एल्बियानं तेवढ्यात कढईतून काढलेल्या तोर्तांची बशी त्यांच्यापुढे ठेवली, आणि पावसाळी दिवशी गरम तोर्ता टाकून उठणारा माणूस साल्तोत अजून जन्माला यायचा आहे. ते बसले.

"विल्मर," एल्बिया म्हणाली, "तुझ्या हातात ते काय आहे?"

"फडकं."

"कुठलं?"

"इथलंच."

"तोर्ता निथळायचं फडकं आहे ते."

यानेत मनगटाच्या काचेवर वाकली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "हिच्यावर साखर आहे."

विल्मरनं फडकं पाठीमागे लपवलं. तिनं कापूस स्पिरिटमध्ये बुडवून काच साफ केली, आणि हेबेरचं तोंड भरलेलं असतानाच हात पुन्हा चालू केला. आता तो संत्र्यापाशी गेला, थबकला, बाळाचा गाल धरावा तसं त्यानं ते धरलं, अर्धा पिळा दिला आणि टोपलीत ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. हेबेर चावायचे थांबले.

फांदी रिकामी झाली. विल्मरला आनंद आवरेना. एवढी साफ काच जवळून बघावी म्हणून तो पुढे वाकला. आणि जन्मभर पहाटेच्या थंडीत बस हाकून लाल गोल झालेलं त्याचं नाक मोठ्या डोळ्यांना दिसलं.

हातानं ते धरलं.

"बाबा, हलू नकोस, बंद करते."

"बंद करू नकोस," हेबेर म्हणाले. खिशातून चष्मा काढून ते जवळ आले. "दुखतंय का, विल्मर?"

"दाही," विल्मर म्हणाला.

हातानं अर्धा पिळा दिला. हलकेच ओढलं. फळ सुटेना. यंत्र शांत स्वभावाचं, त्यानं पुन्हा पिळा दिला. हेबेरनी नाक या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं.

"सालीला ओरखडासुद्धा नाही," ते म्हणाले. "यानेत, सोमवारी हा हात घेऊन बागेत ये. चिलीला कळवून टाक, नाही येत म्हणून."

यानेतनं बापाच्या गळ्यात हात टाकले. विल्मरला मान वळवता येईना, त्यानं तशीच तिची पाठ थोपटली.

शेजारीण नेल्बा रिकामी बशी घेऊन तोर्ता न्यायला आली होती, ती दारातच उभी राहून हे सगळं बघत होती. तिचा जन्म संत्र्यांच्या बागेत गेलेला. तिनं त्या नाकाकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "मशीन चांगलं आहे हो शेजारी. फक्त त्याला एवढं शिकवा, इतकं जास्त पिकलेलं आम्ही तोडत नाही, पाखरांसाठी सोडतो."