टिपणिसांचे बूट

शुभा, जरा जवळ ये. म्हणजे तिकडे सनीव्हेललाच खुर्ची ओढून नीट बस आणि मावशी काय लिहितेय ते शेवटपर्यंत वाच. मी गणपतीचा फोटो पाठवला आणि तू विचारलंस, ‘दारात तो गुंड कोण उभा आहे?’ असं बोलू नये गं. विचारलं मीही होतं, पण त्यांनाच.

ते टिपणीस. सत्तरीचे. इथे टेक्सासात, फ्रिस्कोत, आमच्या समोरच राहतात. उन्हाने रस्ता चटके देतो, सगळी माणसं हाफ पँट आणि सपातांत, आणि हे गृहस्थ कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला निघतात तेसुद्धा चौकड्यांचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून. वर लाल गॅलिस. पँट घोट्याच्या वरच थांबलेली. खाली काळपट लाल बूट, तोंड दिसेल इतके चकचकीत, आणि त्यावर बारीक भोकांची नक्षी. ब्रोग म्हणतात त्याला. मला आधी वाटलं, कसर लागली. आणि डोकं तुळतुळीत.

ते डोकं मी पहिल्यांदा पाहिलं. आपल्याकडे पुरुष असं डोकं कधी करतात, तुला ठाऊक आहे. मी पिठलं-भात केला, डबा घेऊन गेले आणि हळू आवाजात विचारलं, ‘कोण गेलं?’

‘कुणी नाही,’ ते म्हणाले. ‘दर शुक्रवारी करतो.’

डबा मात्र ठेवून घेतला. सोमवारी घासून परत आणला आणि म्हणाले, ‘वहिनी, मिरची थोडी कमी पडली.’

घरी मंजिरीने फोनवर काहीतरी शोधलं आणि पांढरीफटक पडली. ‘आई, ही स्किनहेडची स्टाइल आहे. आपल्यासारख्यांना मारणारे गोरे गुंड असतात ते.’

‘अगं, टिपणीस गोरे कसे असतील?’

‘तेच तर वीअर्ड आहे. दार उघडू नकोस.’

दोन दिवस दाराला कडी. तिसऱ्या दिवशी तेच आले, त्यांच्या कुंडीतल्या कढीपत्त्याची फांदी घेऊन. आता कढीपत्त्याला नाही कसं म्हणणार? दार उघडलं आणि सरळ विचारलं, तुम्ही गुंड आहात का?

‘ते नंतरचे, वहिनी. आम्ही आधीचे.’

हे त्यांचं पालुपद. वडील इंग्लंडात ओतकामाच्या कारखान्यात होते. हे चौदा वर्षांचे, शाळेच्या वाटेवर रोज मार खायचे. गल्लीत डेस्मंड नावाचा जमैकाचा मुलगा होता. त्याने आपला चौकड्यांचा शर्ट यांना दिला, म्हणाला, हा घाल आणि आमच्याबरोबर चाल. त्या टोळीत काळी-गोरी सगळी पोरं, एकाच वेशात, जमैकाच्या गाण्यांवर नाचणारी. बुटाची लेस शिडीच्या पायऱ्यांसारखी आडवी कशी ओढायची, तेही डेस्मंडनेच शिकवलं. त्यानंतर यांच्या अंगाला कुणी हात लावला नाही. पुढे तोच वेश मारणाऱ्यांनी उचलला.

‘मग सोडून द्यायचा,’ मी म्हटलं.

‘त्यांनी चोरला म्हणून मी उघडा फिरू?’

आमच्या जावयाच्या शर्टाकडे बघून मात्र हळहळले. ‘कॉलरला बटण नाही. वाऱ्यावर सोडलीय बिचारी.’

एवढ्या गप्पा, पण सगळ्या दारात. आत या म्हटलं की आपल्या बुटांकडे बघायचे. आपल्याकडे बूट काढून आत यायचं, हे त्यांना मान्य. काढायचे मात्र नाहीत. दोन वर्षं हेच. परवा गणपतीची आरतीसुद्धा पायरीवर उभं राहून म्हटली, तोच तुला पाठवलेला फोटो. आत मी त्यांचं पान वाढून ठेवलेलं. लोक म्हणाले, माज आहे. मलाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोदक घेऊन भांडायलाच गेले. दार उघडं. टिपणीस जिन्याच्या पायरीवर बसलेले, घामाघूम. एक बूट बांधलेला, दुसऱ्याची लेस लोंबतेय आणि हातात स्वयंपाकघरातला लांब चिमटा. मला बघताच चिमटा पाठीमागे लपवला.

भांडण तोंडातच राहिलं.

‘किती वेळ लागतो?’

‘पाऊण तास. पाठ वाकत नाही.’ मग बुटाकडे बघत म्हणाले, ‘बायको बांधायची, शीला. डेस्मंडपेक्षा छान. ती गेली आणि मी इकडे आलो. तुमच्याकडे काढीन हो बूट. पण जेवण झाल्यावर, सगळ्यांदेखत, घालून कोण देणार?’

मला तो पिठलं-भाताचा डबा आठवला. कुणी नाही, म्हणाले होते.

मी म्हटलं, मी बांधते. खाली बसले खरी, पण लेस आडवी होईना आणि मला उठता येईना. शेवटी ते पायरीवर आणि मी फरशीवर, असे बसून आम्ही मोदक संपवले. मंजिरी शोधत आली, तिने मला उठवलं, बूट बांधला आणि म्हणाली, ‘काका, व्हेल्क्रोचे घ्या ना.’ टिपणिसांचा चेहरा असा झाला की मीच घाईने विषय बदलला.

तर दाराशी आता उंच स्टूल आणून ठेवलंय. दसऱ्याला ते आत येऊन जेवायला कबूल झालेत, पण मंजिरीचा हात बुटाला नको म्हणतात. शुभा, तुझी कंबर अजून वाकते. विमानाचं बघ आणि ये लवकर. लेस आडवी, प्रत्येक पायरी सारखी ओढायची. येईपर्यंत घरी जरा सराव कर.