बादली घेऊन जर्मनीत

निखिलला रिकामं ताट बघवत नाही. स्वतःचं नव्हे, समोरच्याचं. ठाकुर्लीत आमच्या दारासमोर त्याचं दार. सोसायटीच्या सत्यनारायणाला तो बादली घेऊन पंगतीत उतरला, की माझ्यासारखी मधुमेही माणसं ताटावर दोन्ही हात आडवे धरून बसतात. उपयोग होत नाही. बोटांच्या फटीतून जिलबी सरकवायचं कसब त्याने आठवीतच कमावलंय. "काका, नको म्हणजे अर्धी," हे त्याचं ठरलेलं वाक्य. अर्धी जिलबी मी त्याच्या बादलीत आजवर पाहिलेली नाही.

इंजिनीअर झाल्यावर त्याने वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये सहा महिने काढले. तिथे आपला डबा इतरांना वाढून स्वतः अर्धपोटी मशीनवर जायचा. एकदा बोलण्याच्या नादात मालकांच्या ताटलीत कोलंबीचं कालवण वाढलं, आणि त्यांची नेमकी संकष्टी. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून साबुदाण्याची खिचडी घेऊन गेला. उपास आदल्या दिवशीच सुटला होता, तरी मालकांना ती दोनदा घ्यावी लागली.

मग पुढे शिकायला म्हणून तो जर्मनीतल्या एका लहानशा शहरात गेला. दर रविवारी त्याचा फोन यायचा. आईला सांगण्यासारखं आईला, न सांगण्यासारखं मला. मित्र भरपूर आहेत, मजा चाललीय, हे मात्र आम्हा दोघांनाही सारखंच सांगायचा.

यंदा उन्हाळ्यात त्या शहराचा वाढदिवस निघाला. नदीकाठी जत्रा, बँडची मिरवणूक असा सगळा थाट. कॉलेजातून स्वयंसेवक मागितले, तेव्हा पहिलं नाव अर्थातच निखिलचं. काम मिळालं सूपच्या तंबूत. तिथली रीत अशी, की लोकांनी रांगेत यायचं, एक वाटी सूप घ्यायचं आणि बाकावर बसून प्यायचं. निखिलने पंधरा मिनिटं हे सहन केलं. मग कुठून तरी बादली पैदा केली आणि बाकांमधून वाढत निघाला. लोक नको म्हणत होते, पण नको म्हणजे किती ते ह्याला माहीत होतं. एका आजोबांनी वाटीवर हात धरला, तर त्यांचा वाटा ह्याने शेजारच्या आजीबाईंच्या वाटीत ओतला. संध्याकाळपर्यंत पुरायचं पातेलं दुपारीच खडखडीत झालं, आणि वाजवून वाजवून दमलेला बँड नेमका तेव्हाच तंबूत शिरला. तंबूच्या प्रमुख मार्टाबाईंनी निखिलच्या हातातला डाव काढून घेतला आणि त्याला बाजूला उभं केलं.

हे सगळं त्याने मला तंबूच्या मागून फोनवर सांगितलं. मी इतका हसलो की हातातला चहा सांडला.

"हसू नका ना काका. मला काढलं तर?"

मी म्हटलं, पगार नाही की काही नाही, काढलं तर खोलीवर जाऊन ताणून दे.

"काम संपल्यावर सगळे स्वयंसेवक एकत्र जेवणार, असं फॉर्मवर लिहिलेलं. म्हणून तर नाव दिलेलं मी."

"मग रोज कोणाबरोबर जेवतोस?"

"टेबल भिंतीला लागून आहे ना काका. एकच खुर्ची बसते."

मला हसल्याची लाज वाटली. आठ महिने ह्या मुलाला 'जेवलास का' विचारत होतो, कोणाबरोबर ते एकदाही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, अरे, पळून येऊ नकोस. बाईंना सरळ सांग, आमच्याकडे असंच वाढतात, चूक झाली. आणि बँडवाल्यांच्या सूपसाठी भाज्या चिरायला बस.

दोन तास मी फोन समोर ठेवून बसलो. मग त्याचा व्हिडिओ कॉल आला. बोटं गाजराने केशरी झाली होती. मागे लांबलचक टेबलावर मंडळी जेवायला बसत होती, आणि मार्टाबाई शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून त्याला हाका मारत होत्या.

"काका, ठेवतो. माझी जागा धरलीय त्यांनी."

घाईत फोन बंद करायचा राहिलाच. मोबाइल टेबलावर उताणा पडला असावा, कारण मला फक्त तंबूचं छत दिसत होतं. खाली दहा-बारा माणसं एकदम बोलत होती, त्यात निखिलचा आवाज होता. भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं. तरी मी त्याच्या आईला हाक मारून बोलावलं, आणि आम्ही दोघं ते छत बघत बसलो.