एक पूर्णांक नऊ अंशांची उडी

"म्हणजे डॉक्टर होऊनही तुम्ही अजून कच्चेच?" सासऱ्यांनी विचारलं.

जावई शर्टाची बटणं लावत होता. गेल्या दोन वर्षांत या प्रश्नाचं उत्तर त्याला पाठ झालं होतं. डॉक्टरेट झाल्यावर माणूस एखाद्या संस्थेत काही वर्षं संशोधन करतो, त्याला पोस्टडॉक म्हणतात. त्याचा विषय प्रादेशिक हवामानबदल, म्हणजे एवढ्याशा भागातली थंडी, ऊन, पाऊस तीस-चाळीस वर्षांत कसे बदलले ते शोधायचं. सासऱ्यांनी यातून आपल्यापुरतं सार काढलं होतं आणि शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं, की जावई पोस्टात डॉक्टर आहे.

"आज पक्का होईल, बाबा," बायको म्हणाली. "समिती येतेय त्याचं केंद्र बघायला. त्यांना पटलं की आणखी तीन वर्षं."

"आणि नाही पटलं तर?"

"तर पोस्टात बघू," जावई म्हणाला, आणि बस गाठायला निघाला.

न पटण्यासारखं काही नव्हतंच. त्रेसष्ट निरीक्षण केंद्रांचे जुने आकडे चाळता चाळता डोंगराच्या कुशीतल्या एका छोट्या गावाने त्याचं नशीब उघडलं होतं. बाकी सगळीकडे हिवाळ्यातल्या रात्री मुंगीच्या पावलांनी उबदार होत होत्या. इथे मात्र सात वर्षांपूर्वी किमान तापमानाने एकदम एक पूर्णांक नऊ अंशांची उडी मारली होती आणि मग ते वरच बसून राहिलं होतं. दिवसाचं तापमान जागच्या जागी. उडी फक्त रात्रीची, तीही फक्त थंडीत. त्याच्या मार्गदर्शक मॅडमनी आलेख पाहिला तेव्हा चहाचा कप ओठांपर्यंत जाऊन तिथेच थांबला होता.

"याच्यावर तुझं आयुष्य निघेल," त्या म्हणाल्या होत्या.

त्याने कारणंही शोधली. दरीतले वारे, ढगांचं पांघरूण, जमिनीतली ओल. चाळीस पानांचा निबंध तयार झाला. समितीचे अध्यक्ष पूर्वी संस्थेच्या उपकरण विभागाचे प्रमुख होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "एकदा जागा बघू या." तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की जागा त्यानेही पाहिलेली नाही.

समिती साडेनऊला येणार होती. तो साडेआठलाच पोचला. केंद्र म्हणजे एका निवृत्त मास्तरांच्या घरामागची कुंपण घातलेली गवताची पट्टी, आणि तिच्यात चार पायांवर उभी असलेली, झडपांच्या भिंतींची पांढरी लाकडी पेटी. थर्मामीटर त्या पेटीत. मास्तर एकतीस वर्षं रोज सकाळी सातला त्यांचे आकडे वहीत लिहीत आले होते.

"एक दिवस चुकला नाही," मास्तर म्हणाले. "मुलीच्या लग्नादिवशीही आधी वाचन, मग लग्न."

"लग्न शहरात, दहाचं होतं," काकू खिडकीतून म्हणाल्या. "हे पोचले साडेदहाला. मुहूर्ताचे फोटो बघा, सगळ्यांत यांची जागा मोकळी आहे."

तो हसला, पेटीजवळ गेला आणि त्याने दार ओढलं. आत, थर्मामीटरांच्या बरोबर खाली, जुन्या लोकरी स्वेटरवर एक भलंमोठं करडं मांजर झोपलं होतं. मांजराने एक डोळा उघडला, ऐसपैस जांभई दिली आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.

"ही... ही कधीपासून इथे?"

"सात वर्षं होतील," मास्तर कौतुकाने म्हणाले.

त्याने मनातल्या मनात आलेख ताडून पाहिला. "दिवसासुद्धा?"

"छे! दिवसा गावभर हिंडते. रात्री येते, आणि तेही थंडीतच. उन्हाळ्यात ढुंकून बघत नाही."

इतका बिनतोड पुरावा त्याच्या चाळीस पानांत एकही नव्हता. दरीतले वारे पडले, ढगांचं पांघरूण उडालं, उरला तो स्वेटर. तेवढ्यात फोन वाजला. मॅडम होत्या. "रस्ता अगदी मोकळा मिळाला. दहा मिनिटांत पोचतोच आहोत!"

"मास्तर," तो घाईघाईने म्हणाला, "आजच्यापुरतं हिला घरात ठेवू या."

"का बरं? ती पाहुण्यांना काही करत नाही."

"नंतर सांगतो!" म्हणत त्याने मांजराच्या पोटाखाली हात घातला. सात वर्षं जिच्या वाटेला कोणी गेलं नव्हतं, ती मांजर का ऐकते? तिने स्वेटर धरला, मग त्याची बाही धरली, मग बाहीच्या आतला हात धरला. घराकडे जायला वेळ नव्हता. बाहेर गाडीचा आवाज आला, तशी त्याने स्वेटरसकट मांजर स्वतःच्या बॅगेत कोंबली आणि चेन ओढली. बॅगेत समितीसाठी छान बांधून आणलेल्या निबंधाच्या तीन प्रती होत्या, हे त्याला आतून टरटर आवाज यायला लागल्यावर आठवलं.

अध्यक्ष आणि मॅडम कुंपणाच्या फाटकातून आत आले. "वा, जागा छान आहे," अध्यक्ष म्हणाले. "निबंध आणलाय ना? पेटीशेजारी उभं राहूनच चाळतो."

"निबंध... जरा कच्चा आहे, सर."

बॅग म्हणाली, "म्याँव."

मॅडमनी चमकून पाहिलं. "फोनचा आवाज," तो म्हणाला.

"अहो, फोन कसला? मांजर आहे," मास्तर म्हणाले. उभ्या जन्मात त्यांनी चुकीची नोंद होऊ दिली नव्हती. "तुम्ही तिला बॅगेत का घातलंत, हे मात्र मला कळलेलं नाही."

आता मांजरीनेच निर्णय घेतला. चेनीच्या फटीतून आधी डोकं, मग उरलेली मांजर आणि तिच्यामागून प्रस्तावनेच्या चिंध्या बाहेर आल्या. ती अध्यक्षांच्या बुटावरून सरळ पेटीकडे गेली, उडी मारून आत बसली, आणि घरच्या माणसाच्या सफाईने पंजाने दार ओढून घेतलं.

मग अध्यक्षांनी हळूच विचारलं, "ही इथे रोज असते?"

"आजच आली," एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर तयार होता. तीन वर्षं त्याच्यावर अवलंबून होती. पण शेजारी मास्तर उभे होते, एकतीस वर्षांत एक सकाळ न चुकलेले, आणि तो शब्द काही बाहेर पडेना.

"सात वर्षं," तो म्हणाला. "ती उडी हिचीच आहे, सर. मला पंधरा मिनिटांपूर्वी कळलं."

मॅडमनी डोळे मिटले. अध्यक्ष मात्र तापले. "सात वर्षं थर्मामीटरखाली मांजर झोपतंय आणि संस्थेला कोणी कळवलं नाही?"

"कळवलं की," मास्तर म्हणाले. ते घरात गेले आणि फाईल घेऊन आले. संस्थेच्या उपकरण विभागाला लिहिलेली अकरा पत्रं होती. प्रत्येकात मजकूर तोच: पेटीच्या दाराची कडी तुटली आहे. मांजर आत शिरते. तरी कडी पाठवावी, ही विनंती. अकराही पत्रांची पोच आली होती, आणि प्रत्येक पोचेवर एकच शब्द होता, 'पाहिले', खाली झोकदार सही.

अध्यक्षांनी चष्मा लावला. सही पाहिली. मग चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"तुम्हीच एक कडी का नाही बसवून घेतली?" त्यांनी पडलेल्या आवाजात विचारलं.

"नियम सहा. निरीक्षकाने उपकरणात स्वतः फेरफार करू नये."

"आणि स्वेटर?"

"तो मी घातला," काकू म्हणाल्या. "नियम यांना आहेत. मला कुठे आहेत?"

"शिवाय," मास्तर म्हणाले, "रोजच्या वहीत लिहिलेलंच आहे." त्यांनी वही उघडली. तारीख, कमाल, किमान, आणि शेवटी 'शेरा' नावाचा रकाना. त्यात टपोऱ्या अक्षरात रोज एकच नोंद: 'मां. आत' किंवा 'मां. बाहेर'.

आता मान खाली घालायची पाळी त्याची होती. या वह्यांचे फोटो संस्थेत होतेच. आकडे त्याने स्वतः उतरवून घेतले होते. शेऱ्याचा रकाना सोडून दिला होता, कारण कॉम्प्युटर फक्त आकडे घेत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

पण आता हात आपोआप चालायला लागला. त्याने काकूंच्या टेबलावर सात वर्षांच्या वह्या मांडल्या आणि मोजायला बसला. पहिल्या हिवाळ्यात मांजर एक्क्याण्णव रात्री आत होती. पुढे चौऱ्याऐंशी. मग सत्तर, अठ्ठावन्न... गेल्या हिवाळ्यात एकोणचाळीस.

"मॅडम, तिला पेटीची गरजच कमी पडत चाललीय, म्हणजे थंडीच कमी होतेय. आणि मांजर येण्याआधीच्या चोवीस वर्षांतही हळूहळू चढ दिसतोच आहे. उडी खोटी आहे, पण चढ खरा असावा. नेमका किती, ते नीट काढावं लागेल."

"की मांजरच म्हातारं झालं?" अध्यक्षांनी शंका काढली.

"म्हातारपणी थंडी जास्त वाजते," काकू म्हणाल्या. "मला विचारा."

चहा आला. तो पिता पिता अध्यक्ष एकदा फाईलकडे आणि एकदा बॅगेतल्या चिंध्यांकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, "तीन वर्षं देऊ. पण आलेख बंद. आधी सगळ्या केंद्रांचे शेरे वाचायचे. सगळे. आणि ही पत्रं... ती आपण संस्थेतच नीट ठेवू."

"मूळ प्रती माझ्याकडेच राहतील," मास्तर म्हणाले.

तेव्हापासून तो शेरे वाचतो आहे. मधमाश्यांचं पोळं, पेटीला टेकवलेली सायकल, भांडणात शेजाऱ्याने ओतलेलं गरम पाणी: हवामानाच्या किती भानगडी त्या अरुंद रकान्यात कोंबलेल्या असतात, हे त्याला आता कळू लागलं आहे. परवा एकेचाळिसाव्या केंद्राच्या वहीत त्याला नोंद सापडली: 'किमान तापमान अंदाजे. पेटीत साप आहे.' दुसऱ्या दिवशी: 'अंदाजे. अजून आहे.' असे बारा दिवस. तेराव्या दिवसापासून आकडे दशांशापर्यंत चोख होते, पण अक्षर बदललं होतं.

निरीक्षकाला साप चावला की काय? त्याने ताबडतोब केंद्राला फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "हो, मीच निरीक्षक. तेवीस वर्षं. का हो?"

"मग ते तेराव्या दिवसानंतरचं अक्षर कुणाचं?"

"आमच्या मंडळींचं. ती सापाला घाबरत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी अंदाजे घाबरतो," निरीक्षक म्हणाले.