बूट वाजवून घेणारे देवराव

देवराव दुकानात बूट हातात घेतात तेव्हा तो आधी कानाला लावतात. मग बोटाच्या पेराने टाचेवर टकटक करतात, बायका माठ घेताना करतात तशी. आवाज बद्द आला तर बूट परत. आवाज पसंत पडला की आत नाक घालून हुंगायचं, मग मुडपायचं, पिळायचं, आणि शेवटी दुकानाच्या पायरीवर एक सणसणीत आपटायचं. तोवर दुकानदार गल्ल्यावरून धावत येतो. देवराव शांतपणे म्हणतात, "इथं तुटला तं तुमचा, शाळेत तुटला तं माया. मंग आपटू द्या ना राजेहो!"

हे देवराव माझे साडू. साडू म्हणजे काय ते ज्याला आहे त्यालाच कळेल. सख्खा भाऊ परवडला. भावाशी आपली तुलना आई करते, आणि आई निदान दोघांची असते. साडूशी तुलना करते ती बायको, आणि बायको आपल्या एकट्याची असूनही पक्ष त्याचा घेते.

मी रिठदला पिठाची चक्की चालवतो, थोडं शेत आहे. देवराव आसेगावचे. शेत माझ्याएवढंच, शिक्षण माझ्याएवढंच, आणि रूपाचं म्हणाल तर आमच्या लग्नाचे फोटो शेजारी ठेवून बघा, मी काही बोलत नाही. पण शाळा उघडायच्या आधी हा माणूस एसटीतून उतरला की आमच्या घरात तहसीलदार आल्यासारखी धांदल उडते. माझी बायको अनिता चुलीत कणकेचे पानगे भाजते, वांग्याची भाजी करते. मला पानगे खायचे असले तर सण बघावा लागतो.

कारण एकच. देवरावांनी घेतलेला बूट फाटत नाही. माझी मुलगी गौरी शाळेत जायला लागल्यापासून तिचे बूट तेच घेतात. मी फक्त पिशवी धरायची.

"बूट पायाले इचारून नाही घ्याचा, रस्त्याले इचारून घ्याचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमचा रस्ता म्हणजे अर्धा मुरूम आणि अर्धी काळी माती, त्यामुळे तो काय उत्तर देणार ते माहीत असतं. पाय वाढता म्हणून बूट दोन नंबर मोठा घ्यायचा, पुढे कापूस कोंबायचा. आणि नवाकोरा बूट घरी आणायच्या आधी थेट मोच्याकडे न्यायचा, सगळ्या तळव्याला जाड दोऱ्याची शिलाई मारून घ्यायला. "गोंदानं चिपकवलेला तळवा अन् निवडणुकीतला सोयरा, दोनीबी कामाच्या टायमाले सुटते!" मोचीही हसत हसत टाके घालतो.

ते बूट घालून गौरी निघाली की फटाक फटाक आवाज सगळ्या गल्लीत जातो. मैत्रिणींनी विचारलं तर ही टेचात सांगते, "मावसाजीचे बूट हाय." पैसे मी दिलेले, पाय माझ्या पोरीचा, आणि बूट मावसाजीचे! माझा किती जळफळाट होत असेल ते तुम्हीच समजा.

यंदा मी ठरवलं की बस्स. गौरी पाचवीत गेली. अनिताला न सांगता मी तिला घेऊन रिसोडला गेलो. दुकानात ओळखीचं कोणी नाही असं बघून एक बूट हळूच कानाला लावला आणि टकटक केलं. नेमकं काय ऐकायचं असतं ते मला माहीत नव्हतं. तरी मान डोलावली. मग गौरीच्या पायात घातला, तिने दुकानभर उड्या मारल्या, आणि मी तोच घेतला. अगदी पायाच्या मापाचा. कापूस नाही, टाके नाहीत.

घरी आल्यावर अनिताने बूट बघितले आणि कपाळाला हात लावला. "भाऊजी काय म्हनतीन आता?"

"तुह्या भाऊजीचं नाव हाय का शाळेच्या हजेरीत?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी आले. चहा झाला. मी बूट आणून त्यांच्यापुढे ठेवले आणि पाय पसरून बसलो. त्यांनी कानाला लावले. वाजवले, हुंगले, मुडपले.

"चांगला हाय," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत मला याहून गोड काही ऐकायला मिळालं नव्हतं. पुन्हा म्हणायला लावावं असं वाटलं. पण त्यांनी बूट पायरीवर आपटले नाहीत. हळूच खाली ठेवले. जेवतानाही पानगे चिवडत बसले. मी मुद्दाम त्यांच्या पानग्यांवर तुपाची धार धरली. "घ्या ना भाऊ, यंदा तुमाले बाजाराचे हेलपाटे नाहीत!" जिंकलेला माणूस दिलदार होतो म्हणतात, तसा मी झालो होतो.

इकडे गौरी त्यांची पिशवी उचकत होती, दरवर्षी त्यात तिच्यासाठी चिक्की असते म्हणून. तिच्या हाती एक खोकं लागलं. आत दोन चिमुकले काळे बूट, टाचेपासून बोटापर्यंत टाके घातलेले.

"मावसाजी, हे एवढुशे कोनाचे?"

"विशालच्या पोराचे. पुन्याले शाळेत जाऊन राह्यला तो आता."

"मंग त्याले काहून नाही देल्ले?"

देवराव हसले. विशाल त्यांचा एकुलता एक मुलगा. "विशाल म्हनते, बाबा, दुसरं काईबी आना, बूट नका आनू. मले पोट्टे लय हासत शाळेत, म्हनते. माया पोराले नको." ताटातला घास ते तसाच फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरं हाय त्याचं. मी बूट कुठं फाटला तेवढंच पाहे, साडभाऊ. पोट्टं रडत घरी आलं, ते मले दिसलंच नाही. इथं गौरी म्हने, मावसाजी पाह्यजे, तं बरं वाटे."

चुलीपाशी अनिताचा हात थांबला. मी तुपाची वाटी खाली ठेवली. एवढी वर्षं मी ज्याच्यावर जळत होतो, तो माणूस माझ्या पोरीला भेटायला एसटीचे धक्के खात यायचा, आणि काल मी तिला परस्पर बाजारात नेऊन आणलं होतं. जळायचं असेल तर ते आता त्यांनी जळायचं होतं. पण त्यांना ते येतच नसावं.

गौरीने नवे बूट चढवले आणि त्यांच्यासमोर पाय लांब केला. "मावसाजी, इथं टाचेले लागून राह्यलं. पाहा ना."

देवरावांनी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. माझ्याकडे पाहिलं. आजवर त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं.

"पाहा ना, भाऊ," मी म्हणालो. "पोरगी तुमाले बोलावून राह्यली."

त्यांनी हात धोतराला पुसला, बूट काढून बाजूला ठेवला आणि तिची टाच तळहातावर घेतली. बुटाकडे त्यांनी पाहिलंच नाही. टाचेवर लाल झालं होतं, तिथे अंगठा ठेवून त्यांनी विचारलं, "लय दुखते का बाई?"